ॲनाटॉमीच्या आकृत्या लक्षात ठेवायच्या तर नावं झाका

ब्रॅकियल प्लेक्ससची (खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) आकृती दहादा वाचली तरी व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, नाव ओठांवर येत नाही, कारण वाचताना उत्तर समोरच असतं. नावं झाकून स्वतःला विचारण्यासाठी अंकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांचं मोफत सॉफ्टवेअर वापरा.

१. कॉम्प्युटरवर नवं कार्ड उघडून प्रकारात ‘इमेज ऑक्लूजन’ (चित्राचा भाग झाकणं) निवडा. २३.१० आवृत्तीपासून ही सोय आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.
२. आकृती घ्या आणि प्रत्येक नावावर चौकोन ओढा: मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नर. जितके चौकोन, तितकी कार्डं.
३. ‘सगळी झाका, एक ओळखा’ हाच पर्याय घ्या. शेजारची नावं दिसली की अंदाजाने उत्तर येतं, आणि तो अंदाज परीक्षेत टिकत नाही.
४. सिंक करा, म्हणजे कार्डं फोनवरही येतील. ॲन्ड्रॉइडवरचं अंकीड्रॉइडही मोफत आहे. आयफोनवरच्या ॲपला मात्र पैसे पडतात.

मडगावहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रोज बसने येणाऱ्यांची उजळणी वाटेतच होते. कार्डं एकदा फोनवर उतरली की नेट लागत नाही. कार्डं शक्यतो स्वतःच बनवा, चौकोन ओढतानाच निम्मं पाठ होतं.

वॉर्डातले रुग्णांचे फोटो, केसपेपर किंवा विच्छेदन कक्षातले फोटो कार्डांवर कधीही घेऊ नका. पुस्तकातली किंवा स्वतः काढलेली आकृतीच वापरा.