हँडल मिळालं म्हणून खूश होऊ नका

जुन्या युनिक्सच्या सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलं की नवी मुलं तोंड पाडून बसतात. सीप्झच्या कॅन्टीनमध्ये असा एखादा भेटतोच: "क्लाउड मागितलं होतं, सोलारिस गळ्यात पडलं." नाराज होऊ नका. रात्रीचे कितीतरी बॅच जॉब अजून असल्याच कोडवर चालतात आणि ते कळणारी माणसं एकेक करून रिटायर होतायत. पण सुरुवातीचे महिने जड जाणार. मला गेले. अजून मंथ-एंडला फोन वाजला की पोटात गोळा येतो.

सी येतं, डीएलओपन (चालू प्रोग्रॅममध्ये मॉड्यूल, म्हणजे वेगळी बांधलेली कोडची फाइल, लोड करणारं) आणि डीएलसिम (त्यातलं फंक्शन नावानं शोधणारं) हाताखालून गेलंय, असं धरून चालतो. नावांचा गोंधळ पटकन उरकू. डीएलओपन सोलारिसच्या आधीच्या सनओएसकडून आलं. जुन्या एचपी-युएक्सच्या कोडमध्ये त्याच्या जागी एसएचएल-लोड दिसेल आणि फाइलचं एक्स्टेन्शन एसओऐवजी एसएल. फार जुन्या एआयएक्सवर नुसतं लोड. लिनक्सवर लिंक करताना एलडीएल हा पर्याय द्यावा लागायचा. २०२१ च्या ग्लिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) २.३४ पासून ते मूळ लायब्ररीतच आलं. हे सगळं मॅन पेजमध्ये आहे, त्यावर कुणी अडत नाही.

अडतात ते पुढच्या गोष्टीवर. डीएलओपनला फ्लॅग द्यायचा असतो, लेझी किंवा नाऊ. जुन्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी लेझी सापडेल. लेझी दिलं की लोडर (मॉड्यूल मेमरीत आणून जोडणारा) व्हेरिएबलचे पत्ते लगेच जुळवतो, फंक्शनचे मात्र नाही. फंक्शन पहिल्यांदा कॉल होईल तेव्हा त्याचं नाव शोधायचं. म्हणजे हॉल बुक केला, पत्रिका वाटल्या आणि आचारी पंगत बसल्यावर शोधायला निघालो. मॉड्यूलला लागणारं फंक्शन अख्ख्या प्रोसेसमध्ये कुठेच नसलं तरी डीएलओपन हँडल, म्हणजे 'लोड झालं'ची पावती, देतं आणि चूक सांगणारं डीएलएरर गप्प. बिल्डच्या वेळी लिंकरही कुरकुरत नाही. शेअर्ड लायब्ररी बांधताना नाव सापडलं नाही तर 'लोड होताना मिळेल' म्हणून तो सोडून देतो.

आमच्याकडे एक सेटलमेंटचा प्रोग्रॅम सोलारिसवरून लिनक्सवर आणला होता. त्याची मॉड्यूलं मुख्य प्रोग्रॅममधलंच एक फंक्शन वापरायची, एरर लॉगमध्ये लिहिणारं. सोलारिसचा लिंकर मुख्य प्रोग्रॅममधली ग्लोबल नावं मॉड्यूलांना आपणहून दिसू देतो. लिनक्सवर तसं होत नाही, लिंक करताना आर-डायनॅमिक द्यावं लागतं. ते कुणी दिलं नव्हतं. तरी मॉड्यूलं लोड झाली, टेस्टिंग पार पडलं, यूएटीवर (वापरणाऱ्यांच्या टेस्टिंगवर) सह्या झाल्या. होणारच! टेस्ट डेटा स्वच्छ होता, एरर लिहायची वेळच आली नाही.

मग मंथ-एंडला एका रेकॉर्डमध्ये ब्रांच कोड रिकामा आला. मॉड्यूल एरर लिहायला गेलं, लोडरनं तेव्हा कुठे नाव शोधलं, मिळालं नाही, आणि त्यानं प्रोसेसच बंद केली. एक्झिट कोड १२७. नीट बघा, हा क्रॅश नाही. कोअर फाइल (क्रॅशच्या वेळची मेमरीची नोंद) पडत नाही. कंट्रोल तुमच्या कोडकडे परतच येत नाही, म्हणून डीएलएरर तपासण्याचा प्रश्नच नाही. लॉग रिकामा, कारण लॉग लिहिणारंच गायब. कारण सांगणारी 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' अशी एकच ओळ स्टँडर्ड एररवर आली होती आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी जॉब सुरू करणाऱ्या) ओळीत ती डेव्ह-नलला, म्हणजे कचऱ्यात, वळवलेली. पहाटेची लोकल धरेपर्यंत आम्ही नसलेली कोअर फाइल शोधत होतो.

तेव्हा फ्लॅग नाऊच द्या, म्हणजे सगळी नावं लोड होतानाच शोधली जातात. कोडला हात लावायची परवानगी नसेल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये एलडी-बाइंड-नाऊ सेट करून एकदा चालवा. जे मंथ-एंडला फुटणार होतं ते स्टार्टअपलाच फुटेल. मॉड्यूलवर एलडीडी मायनस आर चालवलं की न सापडलेली नावं कळतात. त्यात मुख्य प्रोग्रॅमकडून यायची नावंही असतात, म्हणून यादी बघून घाबरू नका. मुख्य प्रोग्रॅमवर एनएम मायनस कॅपिटल डी चालवा, तो कोणती नावं देतो ते दिसेल, आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. आणि हे घरच्या लॅपटॉपवर करून बघायला जाल तर कदाचित दिसणारही नाही. लिनक्सच्या नव्या काही डिस्ट्रोंमध्ये कंपायलरच बाय डिफॉल्ट 'नाऊ' लावून बांधतो. जुन्या मशीनवरच करा.

'नाऊनं स्टार्टअप स्लो होतो' असं सांगणारा सीनियर भेटेल. चार तास चालणाऱ्या बॅचला सुरुवातीचा तो क्षणभर कशाला मोजायचा? माझ्या मते 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' म्हणणाऱ्यापेक्षा 'का चालतंय ते सांग' असं विचारून डोकं खाणारा सर बरा. तो आवडणार नाही, पण त्याच्याच शेजारची खुर्ची धरा.

मॉड्यूल सापडत नाही म्हणून एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या त्याची यादी) लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये टाकायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. क्रॉन तुमचं प्रोफाइल वाचत नाही आणि सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या हक्कानं चालणारा) प्रोग्रॅम तो पाथ मानत नाही. डीएलओपनला स्लॅशसकट पूर्ण पाथ द्या, विषय संपला.

सुरुवातीला यातलं निम्मं डोक्यावरून जाईल. जाऊ दे, पहिली दोन-तीन मॉड्यूलं स्वतः बांधली की हात बसतो. फक्त लाइव्ह सर्व्हरवर चालू प्रोसेसच्या मॉड्यूलवर सीपी (कॉपी) करू नका. लिनक्स अडवत नाही, पण सीपी त्याच फाइलमध्ये नवा मजकूर ओततो आणि मेमरीत मॅप झालेलं कोड पायाखालून बदलतं. प्रोसेस कुठेही कोसळते. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावानं ठेवा आणि एमव्हीनं तिला जुनीचं नाव द्या. चालू प्रोसेस जुनीच फाइल धरून राहते, रीस्टार्टनंतर नवी उचलते. आणि एमव्ही करण्याआधी जुनीची एक कॉपी बाजूला ठेवा, रोलबॅक रात्री दोनलाच लागतो.