गेट-टुगेदरला पैसे बुडवणारा येणार असेल तर

दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर सोलापुरात बहुतेक जानेवारीतच ठरतं. गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईची मंडळी गावी आलेली असतात, शेतात हुरडाही तयार असतो. अशात ग्रुपवर एखादं नाव दिसतं आणि पोटात गोळा येतो. आमच्या बॅचमधल्या एकाने वर्गातल्याच बायकांची भिशी चालवली, पैसे गोळा केले आणि गाव सोडलं. माझे त्यात शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे होते. तरीही सांगते, जाणं टाळू नका. बुडवणाऱ्याने हुरडा खायचा आणि जिचे बुडाले तिने घरी बसायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका. तिथे विषय निघाला की पैशाचं बाजूला राहतं आणि "जाऊ दे की आता" म्हणणारेच जास्त निघतात. जो सगळं ठरवतोय त्याला फोन करा, पैसे बुडवणाऱ्याच्या गाडीत मला बसवू नको म्हणून स्पष्ट सांगा. आणि भिशीतल्याच एका मैत्रिणीला सोबत धरा.

जागा ठरवणं आपल्या हातात असेल तर हॉलपेक्षा शेत बरं. हॉलमध्ये माइक हातात देऊन एकेकाला बोलायला लावतात, तोही गोड बोलून टाळ्या घेतो. शेतात उठून बांधावर जाता येतं. आगटीजवळ बसलात तर कणसं चोळायचं काम घ्या. गोवऱ्यांच्या आरातून काढलेलं कणीस तळव्याला चटके देतं, दाणे सुटेपर्यंत नजर वर जात नाही. "काय गं, ओळखलं नाहीस?" असं त्याने विचारलं तर "ओळखलं की," म्हणायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हुरडा शेजारणीच्या हातावर ठेवायचा. शेंगाचटणी, गूळ, दही फिरत असतं, बोलायला बाकीचे असतातच.

पैशाचं तिथे काढू नका. निघताना बाजूला घेऊन एवढंच सांगा, "उद्या अकराला नवी पेठेत चहाला ये, भिशीचं बोलायचंय. हीपण येणार आहे."

चहाला जाताना भिशीची वही, भरलेल्या रकमा, तारखा, बँकेच्या नोंदी असं जे असेल ते न्या. पैशाच्या बहुतेक दाव्यांना 3 वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत त्याने देणं लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. मुदत उलटून गेली असली तरी रस्ता आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 25 प्रमाणे अशा जुन्या देण्याबद्दल सही करून दिलेलं लेखी वचन त्याला बांधून ठेवतं. म्हणून कागदावर नुसतं "देणं आहे" नको. "इतकी रक्कम, या तारखांना, इतक्या हप्त्यांत देईन" असं हवं. मजकूर आधी वकिलाला दाखवून घ्या.

तो घरच्या अडचणी सांगेल. त्या खऱ्याही असतील. हप्ता लहान करून द्या, सही मात्र सोडू नका, आणि प्रत्येक हप्ता बँकेतूनच घ्या.