नाव ठेवताना आणि नावे ठेवली जाताना

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. ज्या आईवडिलांनी आपल्या बाळासाठी चारचौघांत न आढळणारे नाव निवडले आहे, त्यांच्या बाबतीत हे अंतर बहुधा बारशाच्या दिवशी, घुगऱ्या वाटून होण्याच्या आतच संपते. ते टाळण्याचा उपाय नाही. मात्र येणाऱ्या आक्षेपांपैकी कोणते ऐकून नाव बदलावे आणि कोणते कानाआड करावेत, याचा निवाडा बारशाआधी करून ठेवता येतो. पुढचे सारे विवेचन त्या निवाड्यापुरते आहे; नावांची यादी येथे मिळणार नाही.

पहिली तपासणी अर्थाची करावी. नावांच्या पुस्तिकांमध्ये आणि संकेतस्थळांवर अर्थ बेधडक दिलेले असतात, आणि ज्या नावाचा अर्थ सापडत नाही त्यापुढे 'विष्णूचे एक नाव' असे लिहून मोकळे होण्याची रीत पडली आहे. विष्णुसहस्रनाम छापील मिळते, त्यात हजारच नावे आहेत, आणि त्यांचा पडताळा एका बैठकीत घेता येतो. वामन शिवराम आपटे यांचा 1890 चा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आता घरबसल्या पाहता येतात. निवडलेला शब्द त्यांत आहे का, हे पाहावे. 'अनय' हे नाव अलीकडे अनेकांना आवडते, परंतु 'नय' म्हणजे नीती आणि 'अनय' म्हणजे अनीती किंवा अन्याय, हे त्या मुलाला आठवी-नववीत संस्कृत घेतल्यावर वर्गातच कळण्याचा संभव आहे. शब्दाला अर्थच नसेल, केवळ त्याचा नाद आवडला असेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. नसलेला अर्थ चिकटवला की मात्र तो जपत बसावे लागते, आणि पाहुण्यांमध्ये एखादे संस्कृतचे शिक्षक असले की तो टिकत नाही.

अर्थ वाईट असला म्हणजे नाव वाईटच, असेही नाही. मुले जगत नसत त्या काळी दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा, भिकू अशी नावे मुद्दाम ठेवली जात. 1858 साली जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळाले, आणि त्यांच्या नावातला धोंडा कोणालाही खुपला नाही. सातारा जिल्ह्यातल्या 'नकुशी' नावाच्या मुलींची गोष्ट याहून वेगळी होती. धोंडू या नावामागे मूल जगावे ही इच्छा होती, तर नकुशी या नावामागे मुलगी नको होती ही तक्रार होती, आणि ती तक्रार त्या मुलीने शाळेच्या हजेरीत रोज उच्चारून घ्यायची होती. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात एका समारंभात अशा 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. आईवडिलांची तक्रार, त्यांचा अपुरा राहिलेला संकल्प किंवा त्यांची राजकीय घोषणा नावाच्या रूपाने मुलाच्या खांद्यावर जात आहे का, हे ज्याने त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे. नवसाच्या मुलाचे नाव कौतुकाने ठेवले जाते आणि चौथ्या मुलीचे कंटाळून, हा फरक नाव ऐकणाऱ्यालाही जाणवतो.

नावरस नावाचा, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणाला ठरलेल्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचा, आग्रह घरात असेल तर तो लवकर निकाली काढावा. पंचांगातल्या अवकहडा चक्रानुसार आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाला 'ङ', हस्ताच्या एका चरणाला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला 'ञ' हे अक्षर येते, आणि या अक्षरांनी सुरू होणारे नाव ज्योतिषांनाही सुचवता येत नाही. जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहारातले नाव वेगळे, ही जुनी सोय अशा वेळी कामी येते. आजोबांच्या शब्दाला पत्रिकेत मान मिळतो आणि तुमचे नाव दाखल्यावर राहते.

नंतर नाव कानांनी तपासावे. मराठीतला 'ज्ञ' आपण 'द्न्य' असा उच्चारतो, हिंदीभाषक 'ग्य' म्हणतात आणि गुजराती 'ग्न', म्हणून प्रज्ञा किंवा यज्ञेश नावाच्या व्यक्तीला राज्याबाहेर दुसऱ्याच नावाने हाक मारली जाते. 'ऋ' आपण 'रु' म्हणतो तर उत्तरेत 'रि', त्यामुळे आपली ऋचा दिल्लीत रिचा होते आणि इंग्रजी स्पेलिंग कोणते लिहावे हा प्रश्न जन्मभर पुरतो. 'ळ' रोमन लिपीत 'ल' होऊनच बाहेर पडतो. 'शित' या अक्षरांनी संपणारी नावे इंग्रजी बोलणाऱ्या देशात काय ऐकू येतात, हे तेथे राहणाऱ्या नातेवाइकांना विचारून घ्यावे. ते आधी हसतील आणि मग सांगतील. नाव आडनावासह मोठ्याने दहा वेळा म्हणावे, कारण सागर हे नाव चांगले आणि गोटे हे आडनावही चांगले, परंतु दोन्ही एकत्र आली की सागरगोटे होतात, आणि तिसरीतल्या मुलांना ते सांगावे लागत नाही. आद्याक्षरेही इंग्रजीत जुळवून पाहावीत. भार्गव अनिल देशमुख या भारदस्त नावाची आद्याक्षरे बी, ए, डी अशी येतात आणि त्यांतून इंग्रजीत 'वाईट' असा शब्द तयार होतो. या परिच्छेदातले आक्षेप कोणीही घेतले, अगदी न आवडणाऱ्या जावेने घेतले, तरी ते ऐकावेत, कारण ते मुलाच्या रोजच्या जगण्याशी संबंधित असतात.

दुसऱ्या प्रकारचे आक्षेप नावाविषयी नसतातच. 'आपल्यात असली नावे ठेवत नाहीत' या वाक्यातला 'आपल्यात' हा शब्द नीट ऐकावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असा नियम सांगितला आहे, म्हणजे नावावरून माणसाची पायरी कळावी ही अपेक्षा जुनी आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर मिलिंद, राहुल, सुजाता, संघमित्रा, यशोधरा ही नावे ज्यांनी आपल्या मुलांना दिली, त्यांनी ती अपेक्षा जाणीवपूर्वक मोडली. आज नाव ऐकून जात ओळखता आली नाही की लगेच 'आडनाव काय?' असा प्रश्न येतो, आणि ज्यांनी आडनावाच्या जागी आईचे व वडिलांचे नाव लावले आहे त्यांना 'पण मूळचे कुठले?' असे विचारले जाते. हा चौकसपणा तुमच्या नावनिवडीने थांबणार नाही, म्हणून त्याच्या धाकाने निवड बदलू नये.

धर्माच्या बाबतीत हे अधिक तीव्र होते. 2024 च्या एप्रिल महिन्यात एका मराठी अभिनेत्याच्या मुलाच्या फारसी नावावरून समाजमाध्यमांवर त्याच्या कुटुंबाला इतक्या शिव्या देण्यात आल्या, की शिवाजी महाराजांची भूमिका यापुढे करणार नाही असे त्याने जाहीर केले. त्या मुलाचे नाव येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. शहाजी आणि शरीफजी ही मालोजीराजांच्या मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली, ही परंपरा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि फडणीस, चिटणीस ही आडनावे फारसी 'नवीस' या शब्दावाचून झाली नसती. असे नाव निवडायचे असेल तर ही माहिती जवळ असावी. तथापि तिने संतापलेला माणूस शांत होईल अशी आशा धरू नये, आणि मुलाला शाळेत या प्रसंगाला एकट्याने तोंड द्यावे लागणार आहे याचा विचार आईवडिलांनी आपल्या धैर्याच्या हिशेबातून वगळू नये. माझे मत असे की नाव मनापासून आवडले असेल तर ते ठेवावे, आणि केवळ कोणाला तरी धडा शिकवण्यासाठी सुचले असेल तर ठेवू नये.

नावाचे स्पष्टीकरण एका वाक्यात तयार ठेवावे आणि ते सर्वांना सारखेच द्यावे. आजीला एक कारण, कार्यालयात दुसरे आणि शाळेतल्या बाईंना तिसरे सांगितले की ती कारणे एखाद्या लग्नात एकमेकांना भेटतात. 'आम्हाला आवडले' हेही पूर्ण वाक्य आहे. आजीला नाव उच्चारता येत नसेल तर तिला तिचे स्वतःचे लाडके नाव ठेवू द्यावे. बाळ, सोन्या, छकुली यांच्याशी दाखल्याचा काही संबंध नसतो. केशव गंगाधर टिळक हे घरातल्या 'बाळ' या नावानेच ओळखले गेले, हे उदाहरण तयार असावे.

कागदाची घाई करू नये. जन्माची माहिती 21 दिवसांत कळवायची असते, परंतु नावाशिवाय झालेल्या नोंदीत पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव घालता येते. तेव्हा दोन नावे ठरवून महिनाभर घरात आलटूनपालटून हाका मारून पाहाव्यात. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला आधार धरला जातो, म्हणून देवनागरी आणि इंग्रजी ही दोन्ही रूपे तो हाती घेण्याआधी अक्षर न अक्षर तपासावीत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम येतो, त्यामुळे आद्याक्षरांची वरची परीक्षा चार अक्षरांनी करावी.

आत्याला मात्र नाव चार दिवस आधी सांगून ठेवावे आणि तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घ्यावे. पाळण्यात बाळाच्या कानात ते पहिल्यांदा तीच सांगणार असते, आणि तिने तेथे जो उच्चार केला तोच पाळण्याभोवती जमलेल्या बायका घरोघरी घेऊन जातात.