झाडावर करवत चालवण्याआधीची तयारी

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास विचारणा होते, "गेटजवळचं झाड काढून टाकायचं का?" झाड कापायला माणूस ठरवण्याआधी खाली उतरून ते नीट बघा. आमच्या गुलमोहराच्या बुंध्याशी तपकिरी, पांढऱ्या कडेची आळंबी फुटली होती आणि खोडावर ठोकलं की पोकळ वाजत होतं. त्याचा धोका खराच होता. पण शेजारच्या सोनमोहराची एकच फांदी गच्चीकडे कलली होती आणि कमिटी दोन्ही झाडं काढायला निघाली होती. छाटणीवर भागत असेल तर अर्ज छाटणीचाच करा. परवानगी तिलाही लागते. वरही बघा, मे महिन्यात कावळ्यांची घरटी भरलेली असतात.

मग हद्द पक्की करा. मुंबई, ठाणे, पुणे, सगळीकडे राज्याचा १९७५ चा झाडं जपण्याचा कायदाच लागू आहे, पण परवानग्या बघणारं वृक्ष प्राधिकरण प्रत्येक महापालिकेचं वेगळं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडचं झाड मुंबईच्या टी वॉर्डाकडे, पलीकडचं ठाण्याकडे. बाहेरगावच्या नातेवाइकांचं ऐकून तर अजिबात जाऊ नका. दिल्लीत कायदा १९९४ चा, अर्ज वनखात्याकडे आणि निर्णयाला ६० दिवसांची मुदत. तिथे जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खोड ५ सेंटिमीटर जाड आणि उंची निदान एक मीटर असेल, तरच ते कायद्याने झाड. बंगळुरूत १९७६ चा कर्नाटकचा कायदा, वृक्ष अधिकारीही वनखात्यातलाच. आपल्या कायद्यात मात्र झाड 'तोडणं' म्हणजे कापणं, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंसुद्धा. मुळाशी ॲसिड ओतून झाड 'आपोआप' वाळवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला तिथेच थांबवा.

झाडाचं वय काढणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस रोपं, आणि आपल्या कंपाउंडात पेव्हर ब्लॉकखेरीज काय उरलंय? तळमजल्यावरच्या जुन्या आजींना विचारा, इमारतीच्या पूजेचे जुने फोटो शोधून काढा. शिवणाची टेप घेऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा आणि लिहून ठेवा.

कागदांत लेटरहेडवरचा अर्ज, कमिटीचा ठराव, प्रॉपर्टी कार्ड आणि झाडाची जागा दाखवणारा नकाशा लावा. फोटो दोन तरी हवेत, एक पूर्ण झाडाचा, एक नेमक्या दुखण्याचा. कारण एका वाक्यात, खरं लिहा. "पानांचा कचरा होतो" हे कारण नव्हे, आणि पार्किंगसाठी झाड तोडा म्हणणाऱ्यांना मी सभेतच विरोध करते. तोडण्याच्या अर्जानंतर झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. ती नोटीस कुणी फाडणार नाही याची काळजी घ्या. तेवढ्यात झाड कोसळलंच तर मुंबईत महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवा.

"परमिशन आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे मूळ कागद मागा. आम्हाला त्याने दाखवलेली प्रत शेजारच्या इमारतीची निघाली. कामाच्या दिवशी परवानगीची झेरॉक्स वॉचमनकडे द्या आणि कापायचं झाड खडूने खूण करून, कमिटीतल्या एकाने समोर उभं राहून दाखवा.