होडीची मागची फळी कुजली? उन्हाळ्यातच बदलून घ्या

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की काठावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसू लागतात. दुरुस्तीचा हंगाम हाच. पण आपलं सोलापूरचं ऊन या कामात निम्मं मित्र आहे, निम्मं वैरी. लाकूड वाळवायला त्याच्यासारखं कुणी नाही, आणि रेझिन, म्हणजे फायबर-लाकूड चिकटवणारा पातळ माल, बिघडवायलाही नाही.

फायबरच्या होडीची मागची फळी म्हणजे जिच्यावर इंजिन अडकवतो ती, ट्रान्सम. ती नुसत्या फायबरची नसते. आत-बाहेर फायबरचा पापुद्रा आणि मधे प्लायवूड. इंजिनाच्या बोल्टची, तळाच्या बुचाची भोकं कुणीतरी पाडून तशीच सोडलेली असतात. तिथून पाणी प्लायमध्ये शिरतं, आणि दोन्हीकडून फायबर असल्यामुळे बाहेर पडायला वाट नसते. वरून होडी चकाचक, आत लाकडाचा लगदा.

ओळखायचं कसं? माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसंच. हातोडीच्या दांड्याने फळीभर ठोकत जा. चांगली जागा खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. मग आतल्या बाजूने चार-पाच ठिकाणी ५ मिमीचं ड्रिल मारा, बाहेरचा पापुद्रा मात्र फुटू देऊ नका. भुगा कोरडा आणि फिका आला तर ठीक. चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला आला तर फळी गेली. एखाद्याच भोकाभोवती ओल असेल तर तेवढं कोरून भरता येतं. त्यापेक्षा जास्त असेल तर ठिगळाच्या नादी लागू नका, अख्खी बदला.

इंजिन उतरवा. होडी सपाट जागी वाळूच्या पोत्यांवर नीट टेकवा आणि दोन्ही कडांना जोडणारी एक आडवी पट्टी बांधा, नाहीतर फळी निघाल्यावर होडीचा आकार फाकतो. आता आतून कापायचं. बाहेरचा पापुद्रा जपायचा, तोच नव्या फळीचा साचा. कडेने दोन इंच सोडून ग्राइंडरने आतलं फायबर कापा आणि पटाशीने लाकूड खरवडून काढा. मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फायबरची खाज एकदा लागली की दोन दिवस झोपू देत नाही.

मग वाळवणं. इथे घाई करणाऱ्याची फळी पुन्हा कुजते. आठवडाभर ऊन खाऊ द्या. ओल उरली का ते बघायला आतल्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. प्लास्टिकच्या आत दव जमलं तर अजून थांबा.

प्लायवर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लाय. जुन्या फळीची जाडी मोजा. लहान होडीत बहुतेक वेळा १८ मिमीचे दोन थर पुरतात. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मगच प्लायला करवत लावा. थर तुकड्यांत करावे लागले तर दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

रेझिन पॉलिएस्टर की इपॉक्सी? पॉलिएस्टर स्वस्त, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते. मी इपॉक्सीच घेतो. तिच्यासोबत विणलेलं फायबर कापड वापरा. साध्या चॉप मॅटमधला (तुटक्या तंतूंच्या चटईतला) तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नीट विरघळत नाही. पॉलिएस्टरच घेणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कोबाल्ट (वाळण्याला वेग देणारं) आणि कॅटलिस्ट (रेझिन घट्ट करणारं) कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटलिस्ट.

काम पहाटे करा. पहिल्या वेळी मी मे महिन्यात सकाळी अकराला अर्धा किलो इपॉक्सी एका मगात कालवली. ब्रश शोधेपर्यंत मगातून धूर निघाला आणि तो मगही पाघळून वाकडा झाला. तेव्हापासून पावशेरच, तेही पसरट ताटलीत. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारा तिचा दुसरा भाग, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या, अंदाजाने नाही.

बाहेरच्या पापुद्र्याची आतली बाजू ४० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून पुसा. प्लायला, विशेषतः कडांना, पातळ इपॉक्सी पाजा. मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकी घट्ट केलेली इपॉक्सी पापुद्र्यावर पसरा, फळी दाबा, क्लॅम्प लावा. कडेने थोडा माल बाहेर आला पाहिजे. नाही आला तर आत पोकळी आहे. क्लॅम्प जेमतेम आवळा, सगळा माल पिळून काढू नका.

दुसऱ्या दिवशी पाण्याने घासून धुवा, कारण इपॉक्सीवर मेणचट थर येतो. घासून कोपरे त्याच घट्ट मालाने गोल भरा आणि जुन्या पापुद्र्याइतकी जाडी होईपर्यंत कापडाचे थर द्या. जुन्या फायबरची कड आधी उतरती घासलेली हवी, ३ मिमी जाडीला साधारण ३६ मिमी उतार. वरून रंग द्या, ऊन इपॉक्सीला खातं.

बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टला लाकूड दिसतच नाही. पॉलियुरेथेन सीलंट लावून इंजिन चढवा आणि पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.