ॲक्सल खोलायच्या आधी थांबा: जुन्या मिनी ट्रॅक्टरच्या फोर व्हीलमध्ये या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग पोंग्यात (कोंब फुटताना) आणि वरून परतीचा पाऊस. फवारणी आजच व्हायला हवी, आणि ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन काळ्या रानात शिरलेला मिनी ट्रॅक्टर नेमका ओळीच्या मधोमध बसतो. लिव्हर फोर व्हीलमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर मिळेल अशी, टाकलेली आहे, मागची चाकं खड्डा उकरतायत, पुढची मात्र ढिम्म. द्राक्षवाल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या जुन्या ट्रॅक्टरचं असं झालं तेव्हा मिस्त्रीनं उभ्या उभ्या निकाल दिला, ‘क्राउन-पिनियन (ॲक्सलच्या आतले गिअर) गेलं, ॲक्सल उतरवावा लागेल.’ मीही मान डोलावली. तेल काढलं, ॲक्सल उतरवला, आतले दाते बघितले तर सगळे शाबूत. दोष निघाला गिअरबॉक्सजवळच्या कपलिंगमध्ये. शाफ्ट (जोर नेणारा दांडा) जोडणारा, मुठीत मावेल एवढा लोखंडी तुकडा, आतल्या खाचा झिजून गुळगुळीत. दोन दिवस गेले, त्यात फवारणीही हुकली.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच: तपास चाकाकडून सुरू करणं. जोर उलट दिशेनं येतो. गिअरबॉक्समधला सरकता गिअर किंवा डॉग क्लच (एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांची जोडणी), मग कपलिंग, शाफ्ट, पुढचं कपलिंग, डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आणि शेवटी चाक. यातल्या स्वस्त वस्तू बहुतेक मागच्या टोकाला आणि बाहेरच आहेत. तिथून सुरुवात करा.

बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे इंजिन बंद ठेवून कळतं. सपाट जागी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि जॅकनं पुढची चाकं उचला. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून नुसत्या जॅकवर विश्वास न ठेवता दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके द्या. आता लिव्हर फोर व्हीलमध्ये टाकून दोघांनी दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी पुढे फिरवून बघायची. पुढचा शाफ्ट मागच्या चाकांशी बांधलेला असतो, त्यामुळे थोडी ढिलाई सोडली तर चाकं अडलीच पाहिजेत. एकट्यानं एकच चाक फिरवलंत तर दुसरं उलटं फिरेल. ते डिफरेन्शियलचं काम आहे, बिघाड नव्हे. इथे बरेच जण फसतात.

दोन्ही चाकं एकत्र खुशाल फिरली, तर शाफ्टवरची झाकणाची नळी सरकवून आत बघा. चाकांबरोबर शाफ्टही फिरतोय? मग दोष मागे आहे: लिव्हर, डॉग क्लच किंवा मागचं कपलिंग. शाफ्ट जागचा हलत नाही? मग पुढचं कपलिंग किंवा ॲक्सल. ॲक्सलला हात लावायचा तो आता. आणि एक हात जोडून सांगतो: पुढची चाकं उचललेली असताना ‘जरा फिरवून बघू’ म्हणून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. मागची चाकं जमिनीवरच असतात, ट्रॅक्टर जॅकवरून पुढे उडी घेतो.

लिव्हरचं तर हसू येतं. हाताला ‘खट्’ लागलं म्हणजे फोर व्हील लागलं असं आपण धरतो. पण खाली सळई वाकलेली असते, कॉटर पिन पडलेली असते, नाहीतर वाळलेल्या चिखलानं लिव्हर निम्म्यातच अडते. दाते अर्धवट बसले की जोर आल्यावर सुटतात, कडकड आवाज येतो, आणि पुन्हा संशय ॲक्सलवर. एकानं लिव्हर हलवावी, दुसऱ्यानं खाली वाकून गिअरबॉक्सवरचा आर्म पूर्ण फिरतो का ते पाहावं. पाच मिनिटांचं काम.

हे कपलिंग झिजतं कशानं, तर आपल्या सवयींनी. शेतातून निघाल्यावर लिव्हर तशीच ठेवून डांबरी रस्त्यानं घरी येणं ही त्यातली मोठी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं ओढतील अशीच गिअरची रचना असते. मऊ मातीत तो फरक टायर घसरून जिरतो. डांबरावर जिरत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. मग लिव्हर निघत नाही म्हणून लोक पाइप लावून ओढतात! त्यापेक्षा ट्रॅक्टर सरळ रेषेत थोडा मागे घ्या, पीळ सुटला की लिव्हर आपसूक येते. दुसरी सवय, चाकं गरगर फिरत असतानाच फोर व्हील टाकणं. रुतायच्या आधी, क्लच दाबून, ट्रॅक्टर थांबवून टाका.

टायरकडे मात्र कुणी बघत नाही. मागचे टायर गोटा झाले म्हणून नवे घातले, पुढचे जुनेच ठेवले, की मागच्या चाकाचा घेर वाढतो आणि पुढची चाकं ओढण्याऐवजी फरफटत येतात. टायरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, घेर मोजा. हवा नेहमीएवढी भरा. मुरमाच्या सपाट रस्त्यावर टायरांवर खडूची खूण करा. टू व्हीलमध्ये मागचं चाक १० फेरे जाईपर्यंत पुढच्याचे फेरे मोजा, मग तेच फोर व्हीलमध्ये. समजा आधी १७ आले, नंतर साडेसतरा. म्हणजे पुढची चाकं सुमारे ३ टक्के पुढे आहेत. १ ते ५ टक्क्यांत असेल तर ठीक. आधीच्या तपासात चाकं नीट अडली होती, तरी आकडे सारखेच आले किंवा फोर व्हीलमध्ये कमी आले, तर गिअरबॉक्स उघडून काहीही सापडणार नाही, टायर बदला.

पुढच्या ॲक्सलचं तेल बऱ्याच ट्रॅक्टरांत वेगळं असतं आणि इंजिन ऑइल बदलताना ते विसरलं जातं. भातात चिखलणी करणाऱ्यांनी तर हंगाम संपल्यावर बघावंच: तेल दुधाळ दिसलं तर ऑइल सीलमधून पाणी शिरलंय. प्लगला राखाडी लगदा चिकटला तर घाबरू नका, चमकणारे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर पुढे चालवू नका.

चालवताना ब्रेकचंही लक्षात ठेवा. मिनी ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात. उतारावर फोर व्हील टाकलं तर शाफ्टमार्फत पुढची चाकंही रोखली जातात. कपलिंग गेलेल्या ट्रॅक्टरला हा आधार उरत नाही. भरलेली ट्रॉली घेऊन उताराला लागणाऱ्यानं आधी दुरुस्ती करावी.

जुना ट्रॅक्टर विकत घेणार असाल तर नळी जागेवर दिसली म्हणून आत शाफ्ट आहे असं समजू नका. मोडला म्हणून काढून ठेवलेला शाफ्ट नळीआड सहज झाकतो. व्यवहाराआधी नळी सैल करून दाखवायला सांगा. मालक टाळाटाळ करू लागला, तर बोली टू व्हीलच्या भावानं लावा.