चवथीच्या बोनसवरचा कर कसा तपासावा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर बोनस खात्यात पडतो आणि कँटीनमध्ये एकच सूर लागतो : अर्धा बोनस करातच गेला. खरं तर बोनससाठी वेगळा दर नाही. तो पगारातच मिळवला जातो आणि कर वर्षाच्या एकूण पगारावर बसतो. पुढचा हिशोब आणि नियम २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, नव्या करप्रणालीनुसार आहेत.

आधी वर्षाचा पूर्ण पगार आणि बोनस यांची बेरीज करा आणि ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट काढा. उरलेली रक्कम १२ लाखांच्या आत असेल, तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. खरी गंमत या रेषेवरच आहे. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचा वर्षाचा पगार १२,४०,००० धरू. वजावटीनंतर ११,६५,००० उरतात, कर काही नाही. त्यात ६०,००० बोनस आला की करपात्र रक्कम १२,२५,००० होते. स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दरांनी कर ६३,७५० येतो, पण १२ लाखांच्या वर जितके रुपये गेले त्याहून जास्त कर घेता येत नाही, म्हणून २५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण २६,०००. म्हणजे तक्रार अगदीच खोटी नाही.

यावर उपाय आहे, पण तो वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो. पगाराच्या रचनेत कंपनीकडून एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेत भरणा करून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतचा हा भरणा नव्या प्रणालीतही वजा होतो. वरच्या उदाहरणात एकूण रक्कम तेवढीच ठेवून त्यातले २५,००० असे वळवले, तर कर शून्यावर येतो. तुम्ही स्वतः बँकेतून भरलेल्या एनपीएसला मात्र ही सूट नाही.

मग बोनसच्या महिन्याचं पगारपत्रक काढा. काही कंपन्या वाढीव टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) उरलेल्या महिन्यांत विभागतात, काही एकदम कापतात. एकदम कापला असेल तर पुढच्या महिन्यांत तो उतरला का, ते बघा. शेवटी फॉर्म १६ (कंपनी देते ते टीडीएसचं प्रमाणपत्र) आणि २६एएस (आयकर खात्याकडची तुमच्या कराची नोंद) यांतला आकडा जुळला पाहिजे; जास्त कापलेलं विवरणपत्रातून परत मिळतं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल, तर जुन्या ठिकाणचा पगार आणि बोनस फॉर्म १२बी भरून नव्या कंपनीला कळवा. नाहीतर प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि फरक व्याजासह तुमच्या गळ्यात येतो.

रोख रकमेऐवजी वस्तू किंवा व्हाउचर मिळालं, तर वर्षाला ५,००० पर्यंत करमुक्त. रोख पाकीट मात्र कितीही छोटं असो, करपात्रच.

आता खास गोव्याची बाब. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे ज्या दांपत्याची मालमत्ता सामाईक आहे, त्यांचं उत्पन्न कलम ५ए नुसार निम्मं-निम्मं वाटलं जातं, पण पगार त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे बोनस पत्नीच्या किंवा पतीच्या नावे अर्धा दाखवता येत नाही. तोच बोनस मुदत ठेवीत टाकला, की व्याज मात्र दोघांत वाटावं लागतं. अशा दांपत्याला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. आयटीआर-२ घेऊन शेड्यूल ५ए मध्ये जोडीदाराचा पॅन, व्याजाचा अर्धा वाटा आणि बँकेने कापलेल्या टीडीएसचा वाटा भरा. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवली असेल, तर ही वाटणी लागू नाही.